पिनेची काढघाल

"मी नाई तोडलो तुई पिन," विक्की तिसऱ्यांदा म्हणाला.

"तुमी तोडली असं मी म्हणलं का?" मयुरी म्हणाली. "मी फक्त इचारलं, काल पिच्चर पाहून झाल्यावर पिन कशी काढली."

"पिन जशी काढतेत तशी."

"वायर धरून?"

"मंग काय तिचे पाय धरून काढू?"

स्वयंपाकघरातून विक्कीच्या आईचा, आशाबाईंचा आवाज आला, "सकाळी सकाळी काय लावलं बावा तुमी नवरा-बायकोनं."

मयुरीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. कोपऱ्यात नऊ टक्के दिसत होते, लाल अक्षरात. ती चार्जरची पिन भोकात घालून डावीकडे दाबत होती, उजवीकडे दाबत होती, वर उचलत होती. कडेचा इवलासा पांढरा दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागे आणि जाई. पिनेच्या मानेशी वायरीचं काळं रबर सोलून निघालं होतं. आतल्या तांब्याच्या तारा कणसाच्या केसांसारख्या बाहेर आल्या होत्या.

"पाहा," तिने वायर नवऱ्यापुढे धरली. "हे एका दिवसाचं काम हाय का?"

"नाई ना. मंग मायावरच काऊन येऊन राह्यली?"

ती आणखीच चिडली.

मयुरी मूल गावाकडची. बी. ए. झालेली. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन मोहर्लीच्या अलीकडच्या या गावात आली. विक्की सफारीची जिप्सी चालवायचा. पहाटे चारला उठून जंगलाच्या गेटवर जायचा आणि दुपारी, संध्याकाळी धुळीने भुरका होऊन परत यायचा. मयुरीला नागपूरच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं होतं. शेतकरी पिकाबद्दल विचारायला फोन करत, त्यांचं बोलणं कंपनीत साठवलं जाई. ते ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं, हे तिचं काम. नागपूरच्या ऑफिसातल्या मुली इकडच्या बोलीला अडखळत. एका म्हाताऱ्याने फोनवर सांगितलं होतं, 'माया बांदीत पाणी साचून राह्यलं.' मुलीने लिहिलं, 'शेतकरी म्हणतो की बंदीत पाणी साचले आहे', आणि वर खूण केली, 'कसली बंदी ते स्पष्ट नाही.' मयुरीने ते दुरुस्त करून खाली लिहिलं होतं, बांदी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. तेव्हापासून तिथल्या दीपिका मॅडमना तिचं नाव पाठ झालं.

मागच्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं होतं, जानेवारीपासून झाडीपट्टीतले सगळे फोन तपासण्याचं काम एकाच मुलीला कायमचं द्यायचं आहे. दोन नावं होती, मयुरी आणि वर्ध्याची एक जण. दोघींना चाळीस-चाळीस फोन दिले होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जिचे पूर्ण आणि चोख येतील, काम तिचं. आज मंगळवार होता. मयुरीचे सात झाले होते.

सासरे मुखरू अंगणातून आत आले. त्यांच्या हातात सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी होती. घरात काहीही मोडलं, मग ते विळ्याचं मुठाण असो की खाटेचा पाय, त्यांचा पहिला इलाज तोच.

"आण इकडं," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी वायरीच्या मानेला गच्च गुंडाळली. पिन आत घातली. मग खाली एक लाकडाची चिपटी सरकवली, अर्धा बोटभर मागे घेतली, जरा तिरपी केली. पांढरा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"हां," मुखरू म्हणाले. "आता कोनी खोकलू नका."

मयुरीने कानात इअरफोनची बोंडं घातली आणि आठव्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. कोणीतरी सिंदेवाहीकडचा माणूस हरभऱ्याच्या मररोगाबद्दल सांगत होता. तिने चार ओळी टाइप केल्या. तेवढ्यात विक्की बूट घालायला दिवाणावर टेकला. दिवाण हलला, चिपटी घसरली, दिवा गेला.

"झालं," ती म्हणाली.

"अबे, बसूबी नको का आता घरात?" विक्की म्हणाला. "आन तुयाल्यात बॅटरी असते ना? जिप्सीची बॅटरी पाय, बंद करून ठेवली तरी दोन दोन दिस चालते."

"नऊ टक्के हाय."

"मंग नऊ टक्के त हाय."

तिने पिन पुन्हा दाबली. या वेळी मानेशी चट् असा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली आणि जळक्या रबराचा वास आला. तिने हात झटकला. मुखरूंनी बोर्डाचं बटण बंद केलं. 

"चला," मयुरी उठत म्हणाली. "चंद्रपूरले. आत्ता."

"आज?"

"आज मंगळवार हाय. जंगल बंद, तुमाले सुट्टी."

"मले ग्रीसिंग कराची हाय गाडीची. हप्त्यातून एक दिवस भेटते."

"मले शुक्रवारनंतर भेटनच नाई," ती म्हणाली आणि कपाटातून शाल काढून लॅपटॉप गुंडाळू लागली.

मोटरसायकलवर तिने ते गाठोडं तान्ह्या लेकरासारखं पोटाशी धरलं होतं. पद्मापूरजवळ कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. विक्की दोन ट्रकांच्या मधून गाडी घालायला पाहायचा, मग थांबायचा. प्रत्येक थांब्याला मयुरी मनात हिशेब करायची. एका फोनला पाऊण तास. तेहतीस राहिले. आजचा दिवस गेलाच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज अकरा. सलग बसलं तर होईल. सलग.

बस स्टँडमागच्या गल्लीत नागसेनचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर उघडे पडलेले लॅपटॉप. नागसेन चाळिशीचा, शांत, कपाळावर भिंग चढवलेला. त्याने वायर पाहिली आणि बाजूला टाकली. "चार्जर गेला. नवा लागते." मग लॅपटॉप उलटा करून त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं, भिंग डोळ्यावर घेतलं आणि पिन जिथे बसते त्या भोकात वाकून पाहिलं. तो पाहतच राहिला. मग त्याने नाक जवळ नेलं.

"वहिनी," तो म्हणाला, "यात तेल कोनी टाकलं?"

"तेल?"

"तेल. वास घ्या." त्याने कापसाची काडी भोकात फिरवून पुढे केली. काडी काळी चिकट झाली होती. "गोडं तेल नाई हे. माया आजीच्या डोक्याले येत होता हा वास. टोरीचं तेल."

मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल त्यांच्या घरी एका चपट्या बाटलीत कायम असे. आशाबाई ते दाराच्या बिजागरीला लावत, बैलबंडीच्या आखाला लावत, हिवाळ्यात स्वतःच्या गुडघ्याला लावत आणि एकदा टीव्हीच्या रिमोटलाही लावलं होतं. मयुरीला आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी सासू म्हणाली होती, 'तुयी पिन लय कडक जाते व, करकर वाजते.' त्यानंतर दोन दिवस पिन खरंच मऊ गेली होती. तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

विक्की सकाळपासून पहिल्यांदा हसला. "म्हंजे माया मायनं. आन सकाळपासून मार मीच खाऊन राह्यलो."

"तेलानं मोडलं नाई हे," नागसेन म्हणाला. "तेलानं फक्त धूळ धरली. ते मी धुतो स्पिरिटनं. असली भानगड वेगळीच हाय." त्याने चिमट्याच्या टोकाने आतली बारीक नळी हलवली. ती हलत्या दातासारखी डुलली. "हा पिनेचा पोर्ट आतल्या पाटीवरून सुटत आला. किती वर्षं झाले लॅपटॉपले?"

"तीन."

"पोर्ट त दहा वर्षांचा वाटते. दिवसातून किती वेळा काढघाल होते पिनेची?"

"दोन-तीनदा," विक्की म्हणाला.

मयुरी मनात मोजायला लागली होती आणि दुपारपर्यंतच एका हाताची बोटं संपली होती.

"दोन-तीनदाचं काम नाई हे," नागसेन म्हणाला. "आन वायर मानेवर तुटली. म्हंजे पिन धरून नाई, वायर धरून ओढतेत. घाईत ओढतेत. तुमच्याकडं कोनाले घाई असते एवढी?"

त्याने विचारलं सहज. मयुरीने तुटकी वायर उचलून शालीत गुंडाळली.

पोर्ट नागपूरहून मागवावा लागणार होता. शनिवारी मिळेल, तासाभरात बसवून देईन, असं तो म्हणाला. तोपर्यंत त्याने भोक धुतलं, नळी जागेवर दाबून कथिलाचा टाका मारला, नवा चार्जर लावला. दिवा लागला. "हे कच्चं काम हाय, वहिनी. एका जागी ठेवा. पिन लावली का शनिवारपर्यंत काढू नका. बोर्डावरचं बटण हजारदा बंद करा, चालते. पिन हलवाची नाई."

घरी पोचल्या पोचल्या मयुरीने तेच सगळ्यांना सांगितलं. आशाबाईंना वेगळं, मुखरूंना वेगळं, विक्कीला तर दुकानात ऐकलेलं असूनही पुन्हा. तेलाचं मात्र ती बोलली नाही. बोलायचं काम विक्कीने केलं आणि आशाबाई सगळ्यांकडे पाठ करून चुलीपुढे बसून राहिल्या.

"हलवाची नाई म्हंजे नाई," मुखरू म्हणाले. "आमी काय लहान हाओत का?"

बुधवारी सकाळी सात वाजता ती बसली. पुढच्या खोलीतला दिवाण ही तिची जागा. दुसरी जागाच नव्हती. आतल्या खोलीत धानाची पोती होती आणि तिथल्या बोर्डाची वायर उंदराने खाल्ली होती. नेटवर्क यायचं ते दारापाशी, दिवाणाच्या पायथ्याकडे. तिने वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहिली, पिन निघाली की खाली एक रेघ मारायला. नागसेनच्या प्रश्नाचं उत्तर तिला आता हवंच होतं.

पहिली रेघ साडेआठला पडली. दिवाणाखाली कोंबडी अंडं घालायला शिरली होती आणि बाहेर येत नव्हती. आशाबाईंनी दिवाण ओढला. लॅपटॉप घसरायला लागला म्हणून त्यांनीच पटकन पिन उपटून तो उचलून धरला. "पडला असता ना व," त्या म्हणाल्या. खरंच पडला असता.

दुसरी दहाला. नाल्याजवळ वाघीण पिल्लांसह दिसली होती. वनरक्षक आणि गावातले तिघं मुखरूंकडे आले, कारण त्यांचं शेत नाल्याला लागून. चार माणसं कुठे बसणार? दिवाणावर. मयुरीने लॅपटॉप कपाटावर ठेवला, चहा केला, कपबशा विसळल्या. वाघिणीबद्दलचं बोलणं काही मध्येच थांबवता येत नाही.

तिसरी अकराला. मिरची-लसूण वाटायचा होता. आशाबाईंचा खांदा धरलेला, पाट्यावर त्यांचा हात चालत नव्हता. मिक्सर याच बोर्डावर चाले.

"आत्या, बटण बंद करा, फक्त बोर्डावरचा प्लग काढा. पिन राहू द्या."

"अवं, तिखट उडते. तुयाच लॅपटॉपवर उडन. उचल तो. तुयाल्यात बॅटरी हाय ना? मिक्सरले बॅटरी नाई."

एक्स्टेंशन बोर्ड घरचा एकच होता. तो विक्कीच्या जिप्सीत होता, पाहुण्यांचे कॅमेरे चार्ज करायला.

चौथी रेघ एकला. मुखरू जेवून उठले आणि दाराशी उभे राहिले.  रोज दुपारी ते पंख्याखाली, नाही तर थंडीत दारातून येणाऱ्या उन्हात, याच दिवाणावर तासभर पडत. रात्री शेतावर जागल करून आलेल्या माणसाला काय म्हणायचं? ती उठली. तिने पिन अगदी हलक्या हाताने काढली. पुन्हा लावली तेव्हा दिवा लागला नाही.

तिने डावीकडे दाबलं. उजवीकडे दाबलं. वहीकडे पाहिलं. चार रेघा, आणि दिवस अर्धाच झाला होता. तेरा फोन झाले होते. बॅटरी एकतीस टक्के.

घरात कोणी वाईट नव्हतं, हेच तिला सहन होईना. भांडावं असं एकही माणूस समोर नव्हतं. कोंबडी, वाघीण, खांदा, झोप. प्रत्येकाचं कारण खरं होतं आणि प्रत्येक खऱ्या कारणाला पिन निघत होती.

तिने लॅपटॉप, चार्जर, वही उचलली आणि चपला पायात घातल्या.

"कुठी चालली व?" आशाबाईंनी विचारलं.

"गुणाबाईकडं."

गुणाबाई दोन घरं सोडून राहायच्या. साठीच्या, एकट्या. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याच्या अभ्यासाची पुढची खोली चार वर्षं बंद होती. मयुरीने विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

"किती वेळ बसतं?"

"पाचपर्यंत."

"बस. पंखा लावाचा नाई पण. बिल येते."

"थंडीत पंखा कोन लावते गुणाबाई?"

"लावतेत. आजकाल लावतेत."

खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, भिंतीला बोर्ड होता, नेटवर्कही येत होतं. मयुरीने टेबलावरची धूळ पदराने पुसली. पिन लावली. सहा वेळा दिवा आला नाही. सातव्यांदा तिने खाली वही सरकवली, श्वास रोखला आणि दिवा आला. तिने हात हळूच मागे घेतला, जणू कोणाला झोपवून उठत होती.

मग ती ऐकत गेली. एटापल्लीकडचा एक जण धानाच्या लोंब्या पांढऱ्या पडल्याचं सांगत होता. बोलता बोलता थांबायचा, मागे बायको काही सुचवायची, तो तिला म्हणायचा, 'तूच बोल मंग.' असे मधले तुकडे मयुरीकडून नेहमी सुटत. आज सुटला नाही. एक फोन, दुसरा, तिसरा. बाहेर गल्लीत कोणी बाईने कोणाला तरी हाक मारली, 'अवं, आली का?' आणि मयुरीचा हात आपोआप पिनेकडे गेला. पिनेला लागायच्या आत तिने तो ओढून घेतला. मग तो हात तिने मांडीखाली दाबून धरला आणि एकाच हाताने दोन ओळी टाइप केल्या. तासाभराने तसंच पुन्हा झालं.

गुणाबाई एकदा दारात येऊन गेल्या. "काऊन, कानात घालून रडून राह्यली का काय?"

"नाई. ऐकून राह्यली."

"ऐक," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पाच वाजता तिचे वीस झाले होते. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिने पुन्हा मोजले. वाघिणीमुळे अंधाराआधी घरी पोचायचं म्हणून ती उठली. लॅपटॉप तिने तिथेच राहू दिला; 'ठेव, रोज बसली तरी चालते,' गुणाबाई म्हणाल्या. पिनेला हात लावला नाही. दाराला कडी घातली.

विक्की परत आल्यावर घरी सगळे लवकर जेवायला बसले. विक्कीला दुपारच्या फेरीत वाघ दिसला होता, पाहुणे खूश होते, म्हणून तोही खुशीत होता. आशाबाईंनी भाकरी वाढली आणि विचारलं, "लॅपटॉप कुठी हाय?"

"गुणाबाईच्या खोलीत."

"लोकाच्या घरात ठेवून आली?"

"हो."

"उद्या गावात म्हनन लोक, मुखरूच्या सुनेले घरात जागा नाई का. इतकं मोठं घर." मग त्या खाली पाहत म्हणाल्या, "तेल मी टाकलं म्हणून राग आला का तुले? करकर वाजत होती पिन. म्हणलं, पोरीले त्रास होते."

"नाई आत्या. तेल त्यानं पुसलं. तेलानं काई झालं नाई."

"मंग?"

मुखरू म्हणाले, "मी खाली सतरंजीवर पडत जाईन दुपारचा. त्यात काय हाय."

"तुमची कंबर धरते, बाबा," विक्की म्हणाला. "अबे एवढं काय त्याच्यात. शुक्रवारपर्यंत जाऊ द्या तिले तिकडं. शनिवारी नवा पोर्ट बसते. मंग पिन काढा, घाला, काई टेन्शन नाई. पयल्यासारखं."

मयुरीने ताटातली भाकरी मोडली. पहिल्यासारखं, हा शब्द तिने मनात एकदा उच्चारून पाहिला. दोन दिवसांत वीस फोन राहिले होते. ते होणार होते, हे तिला माहीत होतं. जानेवारीत काम मिळालं तर रोज दहा यायचे. नवा पोर्ट, तोच दिवाण.

"शनिवारी पोर्ट बसवून आणू," ती म्हणाली. "पण उद्यापासून मी साडेनऊ ते पाच गुणाबाईच्या खोलीत काम करीन. शनिवारनंतरही. लॅपटॉप तिथीच राहीन. दुपारचं रांधून ठेवून जाईन, वाढून तुमी घेजा."